गुलाबी भुसा

टीव्ही टांगण्यासाठी भिंतीला चौथं भोक पाडून टाउनोने ड्रिल बाहेर काढलं तेव्हा त्याच्या टोकाला गुलाबी भुसा चिकटलेला होता. आधी पांढरा यायला हवा, तो आला होता, तो प्लास्टरबोर्डचा. मग पिवळट, लाकडाचा, तोही थोडासा आला होता. पण त्यापुढे लाकूडच येत राहायला हवं होतं, चांगलं तीन-साडेतीन इंच, आणि आला होता तो गुलाबी, थर्मोकोलसारखा हलका, फुंकर मारली तर उडून जाणारा. टाउनोने फुंकर मारली नाही. त्याने तो अंगठ्याने पुसला, अंगठा पँटला पुसला आणि मागे न बघता हात पसरून म्हणाला, "स्क्रू." रेमीने, त्याच्या जावयाने, स्क्रू हातावर ठेवला. पान्याने आवळताना तो आधी घट्ट गेला, मनगटाला कळ लागेपर्यंत घट्ट, आणि मग भिंतीच्या पोटात कुठेतरी वाळकी काडी मोडावी तसं टिक् झालं आणि पाना नुसताच फिरला. हे फक्त त्याच्या तळहाताला कळलं. "झालं?" रेमीने विचारलं. "झालं," टाउनो म्हणाला.

तळहाताला कळलेलं डोक्यापर्यंत पोचायला काही वेळ लागला नाही. बोर्डामागे वजन पेलणारे उभे लाकडी खांब असतात, ते या भिंतीत नव्हतेच. तळघराची मूळ भिंत सिमेंटच्या ठोकळ्यांची, तिच्यावर थंडीसाठी लावलेला गुलाबी फोम, त्याच्यावर बोटभर जाडीच्या लाकडी पट्ट्या आणि त्या पट्ट्यांवर ठोकलेला प्लास्टरबोर्ड. वरून रंग मारला की खोली कशी राजवाड्यासारखी दिसते. पट्ट्यांचा उपयोग बोर्ड धरण्यापुरता. त्यांच्यावर एखादा फोटो टांगावा, फार तर कॅलेंडर. पहिल्या तीन भोकांच्या वेळी रेमी खाली व्हॅक्यूमची नळी धरून उभा होता, त्यामुळे भुसा कुठल्या रंगाचा पडतोय हे कुणीच पाहिलं नव्हतं. लाकूड शोधायचं यंत्र टाउनोने भिंतीवरून फिरवलं तेव्हा ते दोन ठिकाणी वाजलं होतं आणि त्या दोन ठिकाणांमध्ये बरोबर सोळा इंच अंतर होतं. सोळा इंच म्हटल्यावर त्याने पुढे विचार केला नाही. या देशात लोक देव बदलतात, बायका बदलतात, पण भिंतीतले खांब सोळा इंचांवरच असतात यावर सगळ्यांचा विश्वास. पट्ट्याही सोळा इंचांवर ठोकतात, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण स्वतःचं तळघर त्याने स्वतःच्या हातांनी बांधलं होतं, खांब उभे करून. इर्या, त्याची बायको, तेव्हा पोटुशी होती आणि एका हाताने कंबर धरून दुसऱ्या हाताने पाणसळ धरायची, "डावीकडे अजून केसभर," असं म्हणायची. घर बांधायचं म्हणजे असंच बांधायचं, कुणीही असंच बांधणार, असं त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. हे घर किर्स्तीने, त्याच्या मुलीने, उन्हाळ्यात घेतलेलं. आधीचा मालक कोण, कसा, काही ठाऊक नाही. टाउनोने त्याला आपल्यासारखाच धरून टाकलं होतं.

आणि आता तो माणूस, जो कुठेतरी दक्षिणेला उन्हात बसून बिअर पीत असेल, त्याने टाउनोला पेचात टाकलं होतं. म्हणजे खरं तर पेच टाउनोने स्वतःच घातला होता. सकाळी रेमी म्हणाला होता, "दुकानातली माणसं येऊन बसवून देतात, टाउनो. कशाला तुम्ही त्रास घेता?" आणि तो म्हणाला होता, "चार स्क्रूंसाठी माणसं बोलवायची? मेलोय का मी?" किर्स्ती तेव्हा जिन्यात उभी होती. ती हसली, पण हसता हसता तिने बापाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. ते पाहणं त्याच्या ओळखीचं झालं होतं. नोव्हेंबरपासून ती तशी बघायची. नोव्हेंबरात एका दुपारी टाउनो खुर्चीत बसल्या बसल्या झोपला आणि चार वर्षांची टिल्डा दार उघडून बाहेर ओट्यावर गेली, नुसते मोजे घालून, बर्फात. शेजारणीने आणून सोडली. पोरीला काही झालं नाही, साधी सर्दीसुद्धा नाही. किर्स्ती एका शब्दाने बोलली नाही आणि तेच वाईट झालं. आता सोमवारपासून तिची इस्पितळातली नोकरी परत सुरू व्हायची होती, रेमी दोन आठवड्यांसाठी उत्तरेला खाणीवर जायचा होता, आणि टिल्डाने दिवसभर कुठे राहायचं हे अजून ठरलं नव्हतं. टाउनोने विचारलं की ती म्हणायची, "बघू." आज जेवताना मात्र म्हणाली होती, "सोमवारचं संध्याकाळी बोलू, बाबा. सौना झाल्यावर." त्याने घरी टिल्डासाठी पलंग आणून ठेवला होता. इर्याच्या शिवणाच्या खोलीत. इर्या गेल्यापासून दोन वर्षं ती खोली बंद होती. गेल्या आठवड्यात त्याने ती झाडून काढली, खिडकीच्या काचा पुसल्या, आणि पुसताना शीळ घालत होता हे स्वतःच ऐकून चमकला.

म्हणून टीव्ही तसाच वर चढला. पंचाहत्तर इंची, दोघा पुरुषांना धाप लावणारा. रेमीने एक बाजू धरली, टाउनोने दुसरी, किर्स्ती "हळू, हळू" म्हणत मध्ये नाचत होती, आणि मागच्या खाचा भिंतीवर आवळलेल्या लोखंडी पट्टीवर बसल्या तेव्हा टाउनोने भिंतीला कान लावावा तसं डोकं टेकवलं. भिंत काही बोलली नाही. रेमीने दोन्ही हातांनी टीव्ही खाली ओढून पाहिला. "दगडासारखा बसलाय," रेमी म्हणाला, आणि किर्स्ती म्हणाली, "मानलं हं, बाबा." कितीतरी महिन्यांनी ती अशा आवाजात त्याच्याशी बोलली होती. त्या क्षणी सांगणं सोपं होतं. 'थांबा, हा उतरवू, मागे लाकूड नाही', एवढंच. कुणालाही होईल अशी चूक. पण ती कुणाच्याही हातून झाली नव्हती, खुर्चीत झोपणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातून झाली होती. उद्या येऊन लांब स्क्रू मारू, ठोकळ्यांपर्यंत जाणारे, त्याने मनात ठरवलं. उद्या रविवार, ही सगळी रेमीच्या आईकडे जाणार. कुणाला कळायचंही नाही. एका रात्रीचा तर प्रश्न. बाकी तीन स्क्रू आहेतच. तेही तसल्याच बारीक लाकडी पट्ट्यांत आहेत, हे त्याने स्वतःला इतक्यात सांगितलं नाही.

मग टिल्डा आली. हातात खडूंची डबी, काखेत कागद, आणि सरळ टीव्हीखाली जाऊन गालिच्यावर पालथी पसरली. तिथे तिचं बुटकं टेबल होतं, तिची खेळणी होती, तो कोपरा घर घेतलं तेव्हापासून तिचाच होता. टाउनोने हे पाहिलेलं होतं. शंभरदा पाहिलेलं होतं. "टिल्डा, वर चल, आपण स्वयंपाकघरात चित्र काढू," तो म्हणाला. "इथे काढते," टिल्डा म्हणाली. "वर उजेड चांगला आहे." "इथे हॉकी आहे." त्याने टेबल उचलून सोफ्याच्या पलीकडे नेऊन ठेवलं. किर्स्ती कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन आली, टेबलाला अडखळली आणि म्हणाली, "हे इथे वाटेत कुणी आणलं?" आणि परत टीव्हीखाली ठेवून आली. मग टाउनो स्वतःच कप घेऊन भिंतीला पाठ लावून खाली बसला, बरोबर पडद्याच्या खाली, टिल्डाच्या शेजारी. डोक्यावर खेळाडू बर्फावरून घसरत होते आणि तो समोरच्या सोफ्याकडे बघत होता. "बाबा, मॅच बघायची सोडून आमची तोंडं काय बघतोस?" किर्स्ती म्हणाली. "गुडघे आखडलेत, खाली बरं वाटतं," तो म्हणाला. रेमी म्हणाला, "स्वतः टांगलाय ना, राखण करतायत." सगळे हसले. टाउनोही हसला. हसताना त्याच्या पाठीला भिंत थरथरल्यासारखी वाटली, पण ते पडद्यातल्या प्रेक्षकांचं ओरडणं होतं.

असं अंगाला कळणं आणि ते खोटं ठरणं त्याला नवीन नव्हतं. बंदरावरच्या धान्याच्या कोठारात त्याने उभी हयात काढली. तिथे गहू वर नेणारा पट्टा सतत फिरायचा, हवेत कायम धूळ, आणि त्या धुळीत एक ठिणगी पडली तर आख्खं कोठार उडायचं, हे प्रत्येकाला ठाऊक. एकदा पट्ट्याचा आवाज बदलल्यासारखा त्याला वाटला. बदलला म्हणजे काय, हे सांगता येत नव्हतं. दात शिवशिवतात तसं काहीतरी. त्याने धावत जाऊन पट्टा थांबवला. जहाज लागलेलं, सगळं काम ठप्प. फोरमन गॉर्डीने सगळे बेअरिंग, सगळ्या कड्या उघडून तपासायला लावल्या आणि काही म्हणजे काही निघालं नाही. त्यानंतर कित्येक महिने टाउनो दिसला की कुणीतरी कानाला हात लावून "श्श, ऐका रे" म्हणायचं. इर्याला सांगितलं तेव्हा ती बटाटे सोलत होती. ती म्हणाली, "मग? परत वाटलं तर परत थांबव." तिला हे असं सोपं होतं. तिला हसणारी माणसं दिसायचीच नाहीत. टाउनोला मात्र अजून दिसतात, त्यातली निम्मी मरून गेली तरी. आताही त्याला वाटलं, आपण उठून हे सगळं उतरवायला लावू, आणि पट्ट्या निघतील चांगल्या जाड, स्क्रू निघतील पक्के, आणि किर्स्ती काही न बोलता त्या नोव्हेंबरच्या डोळ्यांनी बघेल. आपल्याला आता भिंतही कळत नाही, असं होईल. आणि पट्ट्या बारीक निघाल्या तरी तेच होणार. कुठूनही गेलं तरी सोमवार हातातून जात होता.

शनिवारचा सौना, तापलेल्या दगडांवर पाणी टाकून घ्यायचं ते फिनिश वाफेचं स्नान, आधी बायकांचा, मग पुरुषांचा. त्याच्या बापाच्या घरी तसं होतं, त्याच्या घरी तसं होतं, आणि किर्स्तीने घर घेतलं तेही तळघरात सौना आहे म्हणूनच. किर्स्ती आणि टिल्डा आत गेल्या तेवढा वेळ टाउनोला जरा श्वास आला. खोलीत कुणी नव्हतं, रेमी वर भांडी विसळत होता. तो उठून टीव्हीजवळ गेला. वरच्या बाजूला, भिंत आणि लोखंडी पट्टी यांच्यामध्ये, नख जाईल एवढी फट दिसली. ती मघाशी होती की नव्हती, हे त्याला आठवेना. त्याने नख घातलं. गेलं. त्याने टीव्हीच्या खालच्या कडेला तळवे लावून जरा वर उचलल्यासारखं केलं, मग सोडलं. आता रेमीला हाक मारायची. त्याने तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात सौनाचं दार उघडलं आणि टिल्डा पंचात गुंडाळलेली, लाल गालांची, वाफाळत बाहेर आली. "आजोबा, मी सगळ्यात वरच्या फळीवर बसले." मागून किर्स्ती डोकं पुसत म्हणाली, "जा रे बाबा, दगड मस्त तापलेत. रेमी, चल, बाबा थांबलाय." ती खुशीत होती. "तुम्ही आलात की बोलू सोमवारचं," ती म्हणाली, आणि टाउनोच्या कोरड्या केसांवरून तिने उगीच हात फिरवला, तिची आई फिरवायची तसा. तो आत गेला आणि त्याने कपडे काढले.

आत अंधारासारखा उजेड होता. रेमी खालच्या फळीवर, टाउनो वरच्या. रेमीने पळीभर पाणी दगडांवर टाकलं, चर्र झालं आणि वाफ कानांच्या पाळ्यांना चावली. सौनात वाद काढायचा नाही, घरातली कुरबूर काढायची नाही, शक्यतो बोलायचंच नाही. हे फ्रेंच घरातल्या रेमीला टाउनोनेच शिकवलं होतं आणि रेमी बिचारा ते सासरच्या धर्मासारखं पाळायचा. आता तो गप्प बसला होता आणि टाउनोही गप्प बसला होता, आणि आपण रीत पाळतोय की रीतीमागे लपतोय, हे टाउनोला नीट ठाऊक होतं. पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता. समालोचकाचं बोलणं कळत नव्हतं, नुसती गुणगुण. मधेच टिल्डाचं हसणं. ते कुठून येतंय, सोफ्यावरून की खालून? खालून. पालथं पडून हसताना पोटातून येतं तसं येत होतं. त्याने डोळे मिटले तर मिटलेल्या डोळ्यांपुढे ती फट आली, नखाएवढी, मग बोटाएवढी. घाम पाठीवरून ओघळत होता. रेमीने परत पळी उचलली. टिल्डाचं हसणं थांबलं. टाउनो ऐकत राहिला. ती पुन्हा हसेल म्हणून ऐकत राहिला आणि ती हसेना. "टाउनो, अजून एक पळी?" रेमी म्हणाला, आणि टाउनो फळीवरून उडी मारल्यासारखा उतरला, पंचा कमरेला धरला आणि दार ढकलून बाहेर पळाला.

टीव्ही जागेवर होता. टिल्डा त्याच्याखाली पालथी पडून जिभेचं टोक बाहेर काढून घोड्याला शेपटी काढत होती. म्हणून हसत नव्हती. सोफ्यावरून किर्स्तीने मान वर केली. "बाबा, अरे काय हे? कपडे तरी घाल." त्याच्या अंगातून वाफ निघत होती, पायाखाली पाणी गळत होतं. 'तहान लागली', एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. रेमी मागोमाग आला, तोही पंचात. "काय झालं? चक्कर आली का?" चक्कर म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण चक्कर येणाऱ्या म्हाताऱ्याकडे तरी कोण पोर ठेवणार? हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला स्वतःची शिसारी आली. पोर तिथे पालथी पडलेली आणि हा अजून हिशेब मांडत होता. तो पुढे गेला, टिल्डाच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहिला आणि टीव्हीच्या खालच्या कडेला त्याने दोन्ही तळवे लावले.

"टिल्डाला उचल," तो म्हणाला.

किर्स्ती नर्स होती. तिने का म्हणून विचारलं नाही. तिने एका झेपेत पोरीला काखेत घेऊन जिन्याच्या पायरीवर बसवलं, खडू सांडले ते सांडू दिले, आणि मग म्हणाली, "आता बोल."

"मागे खांब नाहीत. बारीक पट्ट्या आहेत. एक तर चिरली आहे."

रेमी दुसऱ्या बाजूला गेला. दोघांनी वजन घेतलं, वर उचललं, खाचांतून सोडवलं आणि मागे मागे सरकत टीव्ही सोफ्यावर पालथा घातला. टाउनोचा पंचा सुटत आला होता. त्याने तो एका हाताने धरला. रेमीने भिंतीवरची लोखंडी पट्टी धरून ओढली. उजवी बाजू लगेच आली, स्क्रूसकट, स्क्रूला लाकडाची चिरफळी आणि थोडा गुलाबी भुसा. डावी बाजू मात्र रेमीने पाय लावून ओढली तरी हलली नाही. टीव्ही पडला असता की वर्षानुवर्षं तसाच राहिला असता, हे त्यावरून कुणालाच सांगता आलं नसतं. रेमी म्हणाला, "जाऊ द्या हो टाउनो, मलाही कळलं नसतं. आपण दोघांनी मिळूनच तर लावला."

"तुला कधी कळलं, बाबा?" किर्स्तीने विचारलं.

आताच, असं म्हणता आलं असतं. "बसवतानाच," तो म्हणाला.

"बसवतानाच." ती गालिच्यावरच्या टेबलाकडे बघत होती. "म्हणून ते हलवत होतास."

"हो."

"म्हणून खाली जाऊन बसलास."

"हो."

"आणि तरी सौनात गेलास."

टाउनोने मान डोलावली. अंगावरचा घाम आता गार पडायला लागला होता. रेमीने सौनाच्या दारामागचा झगा आणून त्याच्या खांद्यांवर टाकला. टिल्डा पायरीवरून म्हणाली, "आता हॉकी कशी बघायची?" किर्स्ती तिच्या शेजारी जाऊन बसली, तिचे ओले केस बोटांनी सोडवायला लागली, एकेक बट, सावकाश. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती रागावलेली नव्हती, थकलेली होती, आणि त्या थकलेल्या तोंडावर इर्या कुठेच नव्हती, ते सगळं तिचं स्वतःचं होतं.

"सांगितलंस हे बरं केलंस," ती शेवटी म्हणाली. "न सांगता उद्या येऊन गुपचूप दुरुस्त केलं असतंस तर मला कळलंही नसतं."

"तेच करणार होतो."

"माहीत आहे." तिने वर पाहिलं. "मग सोमवारचं काय करू मी? तूच सांग, बाबा."

घरी पलंगावर नवी चादर घातलेली होती. सोमवारी काय शिजवायचं हेसुद्धा त्याने ठरवलं होतं. त्याने झग्याची बाही नीट केली, उगीचच.

"दुसरं कुणीतरी बघ," तो म्हणाला.

किर्स्तीने टिल्डाच्या केसांची शेवटची गाठ सोडवली. मग मान हलवून म्हणाली, "बरं." ती निदान एकदा तरी 'तसं नको, बाबा' म्हणेल, असं टाउनोला वाटलं होतं.